झाडाला टेकलेली बैठक : मचाण, वृक्षखोगीर आणि घरी शिवलेला पट्टा

जंगलात प्राण्यांच्या वाटेवर नजर ठेवून तासन्‌तास उंचावर बसण्यासाठी माणसाने जी साधने घडवली, त्यांची दोन घराणी मानता येतात. पहिले मचाणाचे : झाडाच्या बेचक्यात बांबू आणि लाकडे बांधून बैठक तयार करायची आणि तिच्यावर बसायचे. दुसरे दोराचे : यात बैठकीची फळी जवळजवळ नाहीशी होते आणि माणूस मांड्यांखालून व कमरेभोवतून जाणाऱ्या रुंद पट्ट्यात बसून, खोडाला बांधलेल्या दोरावर मागे रेलून, आपला भार झाडावर सोपवतो. या दुसऱ्या साधनाला अमेरिकेतील हरणांचे शिकारी ‘ट्री सॅडल’ म्हणतात. मराठीत त्याला वृक्षखोगीर म्हणता येईल. प्रवासातले घोडे जिथे बदलले जात ते बदलापूर, अशी लोकव्युत्पत्ती ज्या गावाबद्दल सांगितली जाते, त्या परिसराला खोगीर हा शब्द तसा परका नाही. मात्र हे खोगीर प्राण्याच्या पाठीवर चढत नाही, ते माणसालाच बांधले जाते आणि घोड्याच्या जागी उभे झाड असते.

शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग वस्तीच्या पट्ट्यात या साधनाचा विचार करण्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे या पट्ट्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला जंगल अजून टिकून आहे : बारवी धरणाभोवतीची वने, मलंगगड आणि चंदेरीची डोंगररांग, मुरबाडकडून भीमाशंकरच्या माथ्याकडे चढत जाणारे उतार. दुसरे म्हणजे धागा, कापड आणि शिवण या तीन गोष्टींवर या पट्ट्याचे अर्थकारण दीर्घकाळ उभे राहिले आहे, आणि वृक्षखोगीर म्हणजे शेवटी धागा, कापड व शिवण यांचाच प्रश्न आहे. त्यामुळे हे साधन कोणत्या कामासाठी वापरावे आणि त्यातले काय घरी करावे, काय करू नये, हे येथील उदाहरणांतून नीट समजावून सांगता येते.

शस्त्र वगळून उरणारी विद्या

भारतात हरणाची शिकार हा छंद असू शकत नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुंबई राज्यात १९५१ साली वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा परवान्याने शिकार करता येत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मात्र चित्र पालटले आणि त्याच्या नवव्या कलमाने संरक्षित प्राण्यांच्या शिकारीला बंदी घातली. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. प्राणी मारणे एवढाच तिचा अर्थ नसून पकडणे, फासे लावणे, जाळ्यात अडकवणे, हाका घालून पिटाळणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे या सर्व गोष्टी तिच्यात येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या किंवा अभयारण्यातील शिकारीसाठी किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणे हाही १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा ठरतो, म्हणून नुसते पाहण्यासाठी झाडावर बसायचे असले तरी वनविभागाची परवानगी लागते, आणि खासगी जागेत मालकाची.

तरीही शिकारीच्या विद्येतून शस्त्र बाजूला काढले की बरेच काही शिल्लक राहते. प्राण्याची वाट ओळखणे, वाऱ्याची दिशा जाणणे, न हलता बसणे, झाडावर सुरक्षितपणे चढणे आणि तितक्याच सुरक्षितपणे उतरणे ही कौशल्ये निरीक्षक, छायाचित्रकार आणि अभ्यासक यांनाही तितकीच लागतात. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचा सविस्तर विचार आला आहे. तेथे ही विद्या राजाच्या करमणुकीची म्हणून आली असली, तरी तिच्या पोटात प्राण्यांच्या सवयींचे बारकाईने केलेले निरीक्षण होते. जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मे १९२६ मध्ये आंब्याच्या झाडावरील मचाणावरून मारला, त्यामागे कित्येक रात्रींचे निश्चल बसणे होते. आणि याच कॉर्बेट यांनी पुढे बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याला अधिक महत्त्व दिले. मराठीत व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने जंगलात शांतपणे बसून पाहण्याची गोडी कित्येक पिढ्यांना लावली.

मचाण, माळा आणि माड

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला उंचावरची बैठक नवी नाही. ज्वारीच्या वा भाताच्या शेतात चार खांबांवर उभारलेला माळा, त्यावर बसून गोफणीने पाखरे उडवणारा राखणदार आणि रात्री रानडुकरे हाकलण्यासाठी चाललेला डब्यांचा गलका हे दृश्य खेडोपाडी परिचित आहे. माळा शेतात उभा राहतो तर मचाण झाडाला बांधले जाते, पण दोघांचा हेतू एकच असतो : माणसाने जमिनीच्या पातळीवरून वर जाणे, कारण तेथून अधिक दूरचे दिसते आणि त्याचा गंध जमिनीवरील प्राण्यापर्यंत सहज पोहोचत नाही. वनविभागाने हीच परंपरा निरीक्षणासाठी वळवली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री, जेव्हा उन्हाळ्यामुळे पाणवठे मोजकेच उरलेले असतात आणि चांदणे पुरेसे असते, तेव्हा पाणवठ्याजवळच्या मचाणांवर स्वयंसेवकांना बसवून येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याची पद्धत राज्यात रूढ आहे आणि हा उपक्रम अलीकडे ‘निसर्गानुभव’ या नावाने ओळखला जातो. एका रात्रीच्या अशा नोंदीतून प्राण्यांची नेमकी संख्या ठरत नाही, कारण एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर दिसू शकतो. संख्येचा अंदाज बांधण्यासाठी आता स्वयंचलित कॅमेरे आणि ठरावीक रेषेवरून चालत केलेली मोजणी या पद्धती वापरल्या जातात. मात्र जंगल कसे चालते याचा प्रत्यक्ष परिचय घडवण्यात मचाणाची बरोबरी करणारे साधन नाही.

झाडावर चढून काम करण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. गोव्यात माडाची सूर काढणारे रेंदेर खोडावर पाडलेल्या खाचांमध्ये पाय रोवून चढतात. ठाणे, पालघर आणि रायगड भागात ताड-शिंदीवर चढणारे आणि मोहोळाचा मध काढणारे आदिवासी कसबी लोक झाडाची साल, फांदीचा जोर आणि स्वतःचा तोल यांचे असे ज्ञान बाळगून असतात की ते कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही. खैरापासून कात करण्याच्या व्यवसायावरून ज्यांना नाव मिळाले, ते कातकरी याच टापूत राहतात. येथील जंगल वाचण्याची विद्या ज्याला शिकायची आहे, त्याने प्रथम त्यांच्याकडे आदराने जाणे योग्य ठरेल. खांबावर चढणारा वीजमंडळाचा लाइनमन कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकून मागे रेलतो आणि दोन्ही हात मोकळे करून काम करतो. वृक्षखोगिराचे सारे तत्त्व लाइनमनच्या त्या एका कृतीत सामावलेले आहे.

खोगिराची रचना

वृक्षखोगिराचे सहा भाग असतात. पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष खोगीर, अर्थात पार्श्वभागाखाली येणारा कापडी वा जाळीदार रुंद पट्टा, ज्याच्या दोन्ही टोकांना मजबूत फासे असतात. या दोन फाशांना पोटासमोर जोडणारी आखूड दोरी हा दुसरा भाग, तिला सेतुदोर म्हणता येईल. तिसरा भाग म्हणजे मुख्य बांधदोर. तो खोडाभोवती डोक्याच्या उंचीला किंवा थोडा वर आवळलेला असतो आणि सेतुदोरात अडकवलेली धातूची कडी, म्हणजे कॅराबिनर, त्याला जोडली जाते. चौथा भाग चढताना लागणारा चढणदोर असून तो लाइनमनच्या पट्ट्याप्रमाणे खोडाला वळसा घालतो आणि वर जाताना हळूहळू सरकवला जातो. पाचवा भाग खोडाला बांधायच्या चढकाठ्या किंवा तुकड्यांची शिडी, आणि सहावा पायांखालची लहानशी पायफळी.

बांधदोरावर कडी कमी-अधिक उंचीला सरकवता यावी म्हणून त्याच्यावर घर्षणगाठ मारतात. अशा गाठींतली सर्वांत प्रसिद्ध गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३१ साली प्रसिद्ध केली. बारीक दोरीचे वेटोळे जाड दोराभोवती दोन-तीन वेळा गुंडाळून केलेली ही गाठ भार नसताना सरकते आणि भार पडताच दोराला घट्ट पकडते. सह्याद्रीच्या कड्यांवर आरोहण करणाऱ्यांना ती, तसेच आठाची गाठ, चांगली परिचित असते. त्यामुळे ज्याला वृक्षखोगीर शिकायचे आहे त्याने आधी एखाद्या गिर्यारोहण संस्थेत दोरकाम शिकणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

मचाणाच्या तुलनेत या रचनेचे फायदे ठळक आहेत. सगळे साहित्य पाठीवरच्या एका पिशवीत मावते, झाडावर काहीही कायमचे राहत नाही, आणि बसणाऱ्याला खोडाभोवती फिरून जवळजवळ सर्व दिशांना पाहता येते. शिवाय प्राणी एका बाजूने आला तर खोड मध्ये ठेवून स्वतःला झाकता येते. तोटाही तितकाच स्पष्ट आहे : मचाणावर झोप लागलेला माणूस बहुधा मचाणावरच राहतो, पण खोगिरात माणसाचे प्राण सर्वस्वी दोरावर, कडीवर आणि शिवणीवर अवलंबून असतात.

भाराचे गणित

सत्तर किलो वजनाच्या माणसाला पृथ्वी सुमारे ६९० न्यूटन बलाने खाली ओढते. तो दोरावर शांत रेलला असेल तर दोरावर येणारा ताण याच्या आसपास राहतो, आणि त्याचा काही वाटा पायफळी उचलते. परंतु दोन बाबींमुळे हा आकडा झपाट्याने वाढतो. पहिली बाब कोनाची आहे. सेतुदोराच्या दोन बाजूंमधील कोन ६० अंशांचा असेल, तर प्रत्येक बाजूवर वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक ताण येतो. कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाइतका ताण येतो, आणि १५० अंशांना तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून सेतुदोर फार आखूड ठेवून तो ताठ आडवा करणे चुकीचे असते.

दुसरी बाब ढिलाईची आहे. दोर ढिला असताना माणूस ६० सेंटिमीटर मोकळा पडला आणि न ताणल्या जाणाऱ्या दोराने त्याला पुढच्या १० सेंटिमीटरांत थांबवले, तर थांबवणारे सरासरी बल त्याच्या वजनाच्या सातपट होते, म्हणजे सुमारे ४,८०० न्यूटन. क्षणिक बल त्याहूनही अधिक असते. उंचीवर काम करणाऱ्यांच्या युरोपीय मानकांमध्ये शरीरावर येणाऱ्या झटक्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ६,००० न्यूटन धरतात, यावरून हे किरकोळ वाटणारे पडणे मर्यादेच्या किती जवळ जाते हे लक्षात येईल. वृक्षखोगीर हे शरीर जागेवर धरून ठेवण्याचे साधन आहे, पडणाऱ्याला झेलण्याचे नाही. म्हणून बांधदोर कधीही ढिला पडू न देणे आणि बांधदोराची खोडावरील गाठ कमरेच्या खाली कधीही न येऊ देणे, हे दोन नियम कोणत्याही परिस्थितीत पाळायचे असतात.

धाग्याची निवड आणि शिवणीचा भरवसा

दोर कशाचा असावा, या प्रश्नाचे उत्तर शहाडच्याच उदाहरणातून समजते. शहाड येथील सेंच्युरी रेयॉन या कारखान्यामुळे रेयॉन हा शब्द या पट्ट्यात घरोघरी पोहोचला. रेयॉन हा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज विरघळवून पुन्हा तंतुरूपात आणलेला धागा असून त्याची चमक, मऊपणा आणि रंग घेण्याची क्षमता उत्तम असते. मात्र पाणी लागले की साध्या व्हिस्कोज रेयॉनची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, कारण पाण्याचे रेणू सेल्युलोजच्या साखळ्यांमधील बंध सैल करतात. वस्त्रासाठी हा दोष सोसवतो, जीव टांगण्यासाठी नाही. नायलॉन ओला झाल्यावर साधारण दहा ते पंधरा टक्के ताकद गमावतो आणि ताण पडल्यावर लांबून झटका काही प्रमाणात शोषतो; पॉलिस्टर ओलाव्याने जवळजवळ बदलत नाही आणि कमी ताणला जातो, म्हणून बांधदोरासाठी तो सोयीचा ठरतो. नारळाच्या काथ्याचा, अंबाडीचा किंवा सुताचा दोर ओलाव्याने आणि बुरशीने आतून कुजतो व बाहेरून ते कळत नाही, त्यामुळे तो या कामासाठी वर्ज्य समजावा. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी हळूहळू दुबळे होतात. म्हणून महिनोन्‌महिने उन्हात बांधून ठेवलेल्या दोरावर विसंबू नये.

दोराला गाठ मारली की त्याची ताकद साधारणतः पाव ते तिसरा हिस्सा कमी होते, हे सर्वांना सांगितले जाते; शिवणीबाबत मात्र फारसे बोलले जात नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ज्या लष्करी छावणीचे उल्हासनगर घडवले, तिथे आज जीन्स शिवण्याचा मोठा व्यवसाय आहे. जीन्सच्या पट्टाकड्या ज्या दाट टाक्यांनी पक्क्या करतात, त्यांना त्या धंद्यात बारटॅक म्हणतात. गिर्यारोहणाच्या पट्ट्यांवरही दिसायला तशीच शिवण असते. दोन्ही शिवणी एकाच घराण्यातल्या असल्या तरी त्यांच्यात मूलभूत फरक आहे. गिर्यारोहणाच्या पट्ट्यावर ठरावीक जाडीचा नायलॉन किंवा पॉलिस्टर धागा, ठरावीक संख्येचे टाके आणि ठरावीक अंतर असते, आणि प्रत्येक तुकडीतले नमुने यंत्रावर तुटेपर्यंत ओढून तपासलेले असतात. घरी किंवा कारखान्यात कितीही निगुतीने शिवलेला पट्टा प्रत्यक्षात किती भार सोसेल हे तो तोडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तोडून पाहिलेला पट्टा वापरता येत नाही. स्वतः खोगीर शिवण्याच्या उत्साहापुढची खरी अडचण ही आहे; कारागिराच्या कौशल्यावर अविश्वास दाखवण्याचा येथे प्रश्न नाही.

म्हणून गृहनिर्मित साहित्याची सीमारेषा स्वच्छ आखता येते. ज्या वस्तूच्या तुटण्याने माणूस पडू शकतो, ती वस्तू मानांकित असलीच पाहिजे : पट्टा, फासे, सेतुदोर, बांधदोर, चढणदोर आणि कड्या यांवर भारतीय मानक किंवा युरोपीय मानक यांचा ठसा पाहावा. औद्योगिक सुरक्षा पट्ट्यांसाठी भारतात आयएस ३५२१ हे मानक आहे. उरलेल्या वस्तू मात्र खुशाल घरी करता येतात आणि तिथे उल्हासनगरच्या शिवणकामाला पूर्ण वाव आहे : गुडघ्यांना खोड लागू नये म्हणून जाड कापडाची गादी, दोर भरण्याची पिशवी, वही-दुर्बीण अडकवण्याच्या खिशांचा पट्टा, सालीवर दोर घासू नये म्हणून दोराला घालायचे आवरण आणि शरीराची रेषा मोडण्यासाठी झाडपाल्याच्या रंगांचा जाळीदार पडदा. पायफळी घरी करायची असल्यास प्लायवुड टाळावे, कारण पावसात त्याचे थर सुटतात. आणि पायफळी निखळली तरी माणूस दोरावर राहील अशी व्यवस्था आधीपासून असावी.

झाड, वारा आणि भेकर

झाड जिवंत, निरोगी आणि कमरेच्या घेराएवढे किंवा त्याहून जाड असावे. खडबडीत, भेगाळ सालीचा ऐन दोराला चांगली पकड देतो; शेवगा आणि पांगारा यांचे लाकूड ठिसूळ असते, तर काटेसावरीचे काटे दोर व कापड दोन्ही फाडतात. चढण्यापूर्वी वर आग्या मधमाश्यांचे पोळे नाही आणि पानांच्या घरट्यांत राहणाऱ्या तांबड्या ओंबिलांची वसाहत नाही, याची दुर्बिणीने खात्री करून घ्यावी. खिळे ठोकणे किंवा फांद्या तोडणे टाळावे, कारण सालीखालचा जो पातळ थर झाडाला जाड करतो तो जखमी झाला की रोगांना वाट मिळते.

या परिसरात दिसण्याची शक्यता असलेल्या हरणांमध्ये भेकर महत्त्वाचे आहे. सुमारे वीस किलो वजनाचा हा एकलकोंडा प्राणी धोका जाणवला की कुत्र्यासारखा भुंकतो. नराला आखूड शिंगे आणि वरच्या जबड्यातून बाहेर डोकावणारे सुळे असतात. सांबर बरेच मोठे आणि मुख्यतः रात्री वावरणारे असते, आणि इवलीशी पिसोरी दाट जंगलातच राहते. या प्राण्यांची दृष्टी माणसासारखी रंगसंपन्न नसते, नारिंगी रंग त्यांना ठळक दिसत नाही. परंतु हालचाल ते चटकन टिपतात आणि त्यांचे नाक व कान माणसापेक्षा फार पुढे असतात. त्यामुळे कपड्यांच्या रंगापेक्षा स्थिरपणा आणि वारा यांचा विचार आधी करावा. डोंगराळ भागात दिवसा ऊन तापल्यावर हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळी थंड झाल्यावर खाली दरीत उतरते. संध्याकाळच्या निरीक्षकाने प्राण्यांच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसण्याची चूक टाळावी, कारण त्याचा गंध थेट खाली पोहोचतो. उंबराची फळे गळण्याचे किंवा मोहाची फुले झडण्याचे दिवस साधले, तर प्राणी स्वतःहून झाडाखाली येतात, आमिष टाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

सुरुवात कशी करावी

नवशिक्याने पहिले काही दिवस पायफळी जमिनीपासून फूटभर उंचीवर बांधून त्या उंचीवरच बसणे, वळणे, गाठ सरकवणे आणि उतरणे यांचा सराव करावा. खोगिरात निश्चल लटकून राहिल्यास मांड्यांवरील दाबामुळे रक्त पायांत साचते आणि मूर्च्छा येऊ शकते, म्हणून अधूनमधून पाय हलवणे आणि पायफळीवर भार टाकून उभे राहणे ही सवय याच टप्प्यात लावून घ्यावी. उंचीवर गेल्यावर जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीला पाय लागेपर्यंत कोणता ना कोणता दोर जोडलेला असलाच पाहिजे. चढणदोर काढण्याआधी बांधदोर जोडावा आणि उतरताना याचा उलटा क्रम पाळावा. सोबती, शिट्टी, परतण्याची ठरलेली वेळ आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर न चढण्याचा निश्चय या गोष्टी साहित्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

घरी परतल्यावर दोर सावलीत वाळवून हातातून बोटाबोटाने सरकवत तपासावा. मऊ पडलेली, चपटी झालेली किंवा तुसे निघालेली जागा सापडली तर तो दोर जीव टांगण्याच्या कामातून कायमचा बाद करावा. त्याच वेळी वहीत तारीख, झाडाचे नाव, वाऱ्याची दिशा, दिसलेला प्राणी आणि त्याने काय खाल्ले याची नोंद करावी. शिकाऱ्याच्या बैठकीचा शेवट एका प्राण्याच्या मृत्यूने होत असे आणि तिथेच ती कहाणी संपत असे. बारवीच्या किंवा मुरबाडच्या जंगलात एकाच झाडावरून वर्षानुवर्षे ठेवलेली अशी वही मात्र वाढत्या शहराच्या कडेला जंगलाचे काय होत आहे हे सांगणारा पुरावा ठरते, आणि तिच्यातील प्रत्येक ओळीतले भेकर पुढच्या वर्षी पुन्हा त्या वाटेने येण्याची शक्यता शिल्लक राहते.